खुब्याचे दुखणे अंगावर काढू नका

मंडळी, बैलाच्या चालीत जरा फरक पडला की आपण त्याच दिवशी ओळखतो. पाय उचलून बघतो, काटा रुतलाय का, नाल सैल झालीय का ते तपासतो. नाहीच कळले तर जनावरांच्या दवाखान्याची वाट धरतो. पण घरातला माणूस सहा-सहा महिने लंगडत असतो आणि आपण काय म्हणतो? "वाताचं आहे, थंडी सरली की कमी होईल." नाहीतर, "वय झालं आता, चालायचंच."

आज या पानावर खताची, बियाण्याची गोष्ट नाही. गोष्ट आहे खुब्याची. कारण खुब्याच्या बाबतीत माणसाचे जे नुकसान होते, ते बहुतेक वेळा आजाराने कमी आणि उशिराने जास्त होते. हा उशीर टाळणे मात्र पुष्कळसे आपल्या हातात आहे.

खुबा म्हणजे नेमके काय?

कमरेवर हात ठेवला की जे हाड हाताला लागते, त्यालाच पुष्कळजण खुबा समजतात. खरा सांधा त्याच्या खाली, जांघेच्या मागे खोलवर असतो. मांडीच्या हाडाचे वरचे टोक लिंबासारखे गोल, आणि तो गोळा बसायला कमरेच्या हाडात वाटी. शाळेच्या पुस्तकात याला उखळीचा सांधा म्हणतात. गोळ्याच्या खाली बारीक मान आणि मानेखाली हाडाचा जाड भाग, अशी ही रचना.

सांधा खोल असल्याने त्याचे दुखणे जांघेत जाणवते, कधी मांडीतून उतरून गुडघ्यात येते. वर्षभर गुडघ्याला तेल चोळणारा माणूस शेवटी खुब्याचा रोगी निघाला, असे नेहमी घडते. मांडी घालून बसता येईना, पायात मोजा घालायला वाकता येईना, मोटारसायकलवर टांग टाकताना जांघेत कळ येते, ही खुब्याची लक्षणे समजा.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण पुढचे सगळे तिच्यावर आहे. वरच्या गोळ्याला रक्त मिळते ते मुख्यतः मानेवरून चढत जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून. म्हणजे गोळा हा कालव्याच्या टेलचा शेतकरी! वर कुठे पाट फुटला की पहिले पीक वाळते ते टेलचे. खुब्याचेही तसेच आहे.

म्हातारे माणूस पडले तर

पहाटे मोरीत पाय घसरतो, गोठ्यात शेणावरून सटकतो, रात्री बाजेवरून उतरताना अंदाज चुकतो. पडणे साधेच असते. पण हाडे ठिसूळ झालेली असतात, त्यामुळे तेवढ्याने खुबा मोडतो. ओळखायचे कसे? पडल्यावर उठता येत नाही, तो पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडते. काही वेळा मोडलेले हाड एकमेकांत रुतून बसते आणि माणूस लंगडत चारदोन पावले चालतोही. म्हणून "चालतोय की, मग मोडलं नसणार" असे धरून चालू नका. फोटो काढल्याशिवाय खात्री नाही.

अशा वेळी चोळायचे नाही, पाय ओढायचा नाही, उभे करून बघायचे नाही. दोन्ही पायांमध्ये उशी ठेवून ते हलक्या हाताने एकत्र बांधा आणि १०८ ची गाडी बोलवा. चालू असलेल्या औषधांची पिशवी सोबत घ्या, रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती आधी दाखवा. शेवटचे कधी खाल्ले हेही सांगा.

आणि आता खरा प्रश्न. डॉक्टर म्हणतात, "ऑपरेशन करावं लागेल." घरात बैठक बसते. मुंबईचा थोरला येऊ दे, पैशाची जुळणी होऊ दे, तोवर हाडवैद्याचा लेप लावून बघू, आणि एवढ्या वयात चिरफाड कशाला? या बोलण्यात आठवडे जातात.

ते आठवडे महागात पडतात. उताणे पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा पडतात, लघवीत जंतू होतात, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ धरते. माणूस जातो तो मोडक्या हाडाने नव्हे, पडून राहिल्याने. जगभरच्या नोंदी सांगतात की, खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण चार-पाचांतला एक वर्षभरात दगावतो. शस्त्रक्रिया न करता बाजेवर ठेवलेल्यांत हे प्रमाण त्याहून पुष्कळ जास्त असते. म्हणजे इथे ऑपरेशन पळण्यासाठी नसते. कुशीवर वळता यावे, उठून बसता यावे, संडासला आपले आपण जाता यावे यासाठी असते. नुसते वय जास्त म्हणून ते नाकारू नये.

मग किती घाई करायची? इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शनात रुग्ण दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया करावी असे म्हटले आहे. २०२० साली 'लॅन्सेट' मासिकात एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. भारतासह १७ देशांतले २,९७० रुग्ण तीत होते. एका गटाची शस्त्रक्रिया निदानानंतर सुमारे ६ तासांत झाली, दुसऱ्याची सुमारे २४ तासांत. तीन महिन्यांतले मृत्यू दोन्हीकडे जवळजवळ सारखे, ९ आणि १० टक्के. मात्र लवकर झालेल्यांत भ्रम कमी झाला आणि ती माणसे लवकर उभी राहिली. थोडक्यात, मध्यरात्री जीव मुठीत धरून धावपळ करावी असे नाही, पण एक-दोन दिवसांचे काम तीन आठवड्यांवर ढकलू नये.

अर्धा गोळा की पूर्ण खुबा?

मोडण्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. मानेखालच्या जाड भागात मोडले तर तिथे रक्त भरपूर असते. आत सळई किंवा पट्टी-स्क्रू बसवला की हाड जुळते. मानेतच मोडून सरकले तर मात्र आपला तो पाट फुटलेला असतो. गोळा सुकण्याची भीती असते. रुग्ण तरुण असेल तर डॉक्टर तातडीने स्क्रू घालून स्वतःचा गोळा वाचवायचा प्रयत्न करतात. वृद्धांमध्ये गोळाच बदलतात.

इथे घरच्यांसमोर प्रश्न येतो, फक्त गोळा बदलायचा की वाटीसकट पूर्ण सांधा? पूर्ण सांध्याचा खर्च जास्त. २०१९ साली अमेरिकेतल्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये १,४९५ रुग्णांची तुलना छापून आली. दोन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागलेले दोन्ही गटांत ८ टक्क्यांच्या आसपासच होते. पूर्ण सांधावाल्यांची हालचाल थोडी बरी, पण फरक लहान. तेव्हा घरातल्या घरात वावरणाऱ्या ऐंशीच्या आजीला अर्धा गोळा सुचवला, तर "स्वस्तातलं टाकलं" असे मानू नका. साठीतला हिंडता-फिरता माणूस असेल तर पूर्ण सांध्याचा विचार जरूर विचारा. वृद्धांच्या ठिसूळ हाडात अर्धा गोळा हाडाच्या सिमेंटने पक्का बसवलेला बरा, असे २०२२ सालच्या ब्रिटनमधल्या चाचणीत दिसले आहे.

एक राहून जाणारे काम सांगतो. एक खुबा मोडला की दुसरा मोडण्याची शक्यता वाढते. टाके निघाले म्हणजे उपचार संपले असे नाही. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाड बळकट करणारे औषध याबद्दल विचारा. वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे एक औषध आहे. ते दिलेल्या रुग्णांत नवे फ्रॅक्चर तर कमी झालेच, पण मृत्यूही कमी झाले, असे २००७ साली सिद्ध झाले आहे.

तरुणांनो, हे तुमच्यासाठी

इंग्लंडमध्ये १९९२ साली एक अभ्यास झाला. दहा वर्षांहून जास्त शेती केलेल्या पुरुषांत खुब्याची झीज इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळली. जड ओझी आणि उंचसखल जमीन, कारण आपल्याला समजण्यासारखे आहे. पण आपल्याकडे खुबा बदलण्याची वेळ आणणारे मोठे कारण झीज नाही. ते आहे गोळा सुकणे. डॉक्टर त्याला एव्हीएन म्हणतात. आणि हा रोग तिशी-चाळिशीतल्या कमावत्या माणसाला गाठतो.

इथे पाट फुटत नाही, आतल्या बारीक चाऱ्याच बुजतात. रक्त न मिळालेला गोळा आतून मरतो आणि अंगाच्या भाराने एक दिवस चेपतो. दारू हे एक मोठे कारण. स्टेरॉइड हे दुसरे. स्टेरॉइड वाईट औषध नव्हे. दमा, त्वचारोग, मूत्रपिंडाचे विकार यांत त्याने जीव वाचतो, आणि डॉक्टरने दिले असेल तर मनाने एकदम बंद करू नये, ते धोक्याचे असते. धोका आहे तो विनाचिठ्ठीच्या वापरात. "सुईच द्या डॉक्टर, दोन दिवसांत कामावर जायचंय" म्हणत महिन्या-महिन्याला घेतलेली इंजेक्शने, वजन वाढवण्याच्या बिननावाच्या गोळ्या, सांधेदुखीची जादूची पुडी, यांत काय घातले आहे ते आपल्याला ठाऊक नसते. करोनात पुष्कळांना स्टेरॉइड द्यावे लागले. त्यानंतर काही महिन्यांत गोळा सुकल्याचे रुग्ण २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले.

तिसरे कारण सिकलसेल. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट या भागांत हा रक्ताचा आजार आहे. २०२३ च्या जुलैपासून त्याच्यासाठी राष्ट्रीय मोहीमही सुरू आहे. सिकलसेल असलेल्या मुलाने जांघ दुखते म्हटले तर एक दिवसही हसण्यावारी नेऊ नका.

या रोगाची खोड अशी की, सुरुवातीला साधा फोटो चांगला येतो. "काही नाही निघालं" म्हणून माणूस घरी येतो आणि सहा महिन्यांनी गोळा चेपलेला सापडतो. दारू, स्टेरॉइड किंवा सिकलसेल यांपैकी काही असेल आणि जांघ दुखत राहत असेल, तर एमआरआय करावा का ते विचारा. दुसऱ्या बाजूचाही बघावा, कारण रोग बऱ्याचदा दोन्हीकडे असतो. गोळा चेपण्याआधी पकडला तर औषधे आणि हाडात बारीक भोक पाडून आतला दाब कमी करण्याची छोटी शस्त्रक्रिया, यांनी स्वतःचा सांधा काही काळ, कधी कायमचा टिकवता येतो. चेपल्यावर शेवटी बहुतेकदा सांधा बदलण्याची पाळी येते.

लेकराच्या चालीकडे बघा

काही बाळांचा गोळा जन्मतःच वाटीत नीट बसलेला नसतो. मुलींमध्ये, पहिलटकरणीच्या बाळात आणि पायाळू बाळात हे जास्त दिसते. पायाळू म्हटले की आपल्याकडे विजेची भीती घालतात. त्यापेक्षा त्याचा खुबा तपासून घ्या, ते जास्त कामाचे. सहा महिन्यांच्या आत कळले तर पट्ट्यांचा साधा पोशाख घालून बहुतेक बाळे बिनशस्त्रक्रियेची बरी होतात. चालायला लागल्यावर, लंगडताना कळले तर मोठी शस्त्रक्रिया लागते.

बाळाला दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ ताणून घट्ट बांधू नका. जपानने ही पद्धत सोडावी म्हणून १९७०-८० च्या सुमारास प्रचार केला आणि तिथे हा दोष फार कमी झाला. आपल्या बाया लेकरू कडेवर घेतात, पाय दोन बाजूंना फाकवून. ती रीत खुब्याला चांगलीच आहे.

थोरले मूल लंगडत असेल, जांघ धरून रात्री रडत उठत असेल तर खुब्याचा क्षयही असू शकतो. त्याची औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. सांधा खराब होण्याआधी सुरू झाली तर मूल सरळ चालते.

नवा खुबा आला कुठून?

आज जो सांधा बसवतात, त्याचा जनक जॉन चार्नली. इंग्लंडमधल्या लँकेशायरचा सर्जन. आधी त्याने टेफ्लॉनची वाटी वापरली. ती दोन-चार वर्षांत झिजून गेली आणि शेकडो रुग्णांची शस्त्रक्रिया फुकट गेली. १९६२ साली एक विक्रेता त्याच्याकडे नव्या प्लास्टिकचा तुकडा घेऊन आला. ते प्लास्टिक लँकेशायरच्या कापडमागांच्या चक्रांसाठी विकले जात होते! त्या पॉलिथिनची वाटी आणि पोलादाचा लहान गोळा, ही जोडी टिकली. इचलकरंजी-मालेगावच्या वाचकांना माग कसा अहोरात्र घासतो ते सांगायला नको.

किती वर्षे टिकतो? २०१९ सालच्या 'लॅन्सेट'मधला हिशेब असा आहे. १५ वर्षांनी शंभरातले सुमारे ८९ सांधे शाबूत, २० वर्षांनी ७०, २५ वर्षांनी ५८. म्हणून सत्तरीतल्या माणसाला एक सांधा बहुधा जन्माला पुरतो. पस्तिशीतल्याला मात्र पुढे पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. तरुणांनी गोळा वाचवण्याची धडपड करावी ती याचसाठी.

चिरा पुढून की मागून?

हल्ली जाहिरातीत "पुढून ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी घरी" असे वाचायला मिळते. खरे काय? सांध्यापर्यंत जायच्या तीन मुख्य वाटा आहेत. मागून गेले तर चालताना कंबर तोलणारे स्नायू वाचतात, पण पहिले काही आठवडे गोळा निसटण्याची भीती थोडी जास्त. बाजूने गेले तर निसटण्याची भीती कमी, पण तेच तोल सांभाळणारे स्नायू सोडवावे लागल्याने काहींची चाल लंगडी राहते. पुढून गेले तर दोन स्नायूंच्या फटीतून वाट मिळते, पहिल्या काही आठवड्यांत दुखणे कमी आणि चालणे लवकर. मात्र मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा येऊ शकतो, आणि सर्जनला ही वाट शिकायला वेळ लागतो.

वर्षभरानंतर तिन्ही वाटांनी गेलेल्यांच्या चालण्यात फारसा फरक उरत नाही. म्हणून "कुठून करता?" यापेक्षा "तुम्ही वर्षात असे किती करता?" हा प्रश्न विचारा. ज्या वाटेवर सर्जनचा हात बसलेला आहे, तीच तुमच्यासाठी चांगली. जंतुसंसर्ग आणि गोळा निसटणे हे धोके शंभरात एक-दोघांना असतात, तेही आधी समजून घ्या.

सांध्याच्या डब्यावर एक चिकटपट्टी असते. कंपनी, नमुना, क्रमांक त्यावर छापलेला असतो. ती तुमच्या कागदांत लावून घ्या आणि सातबाऱ्यासारखी जपा. का म्हणाल, तर २०१० साली डेप्यू कंपनीला आपला एएसआर नावाचा, धातूवर धातू घासणारा सांधा जगभरातून परत बोलवावा लागला. भारतातही तो हजारोंना बसवला होता. २०१८ साली केंद्र सरकारने भरपाईचे सूत्र ठरवले, ३० लाखांपासून पुढे. पण बऱ्याच रुग्णांचा पत्ताच लागेना.

घरी आल्यावर

बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी वॉकरवर उभे करतात. भिऊ नका, चालणे हाच उपचार. मागून शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस पाटावर, जमिनीवर, बुटक्या स्टुलावर बसणे नको. मांडी नको, उकिडवे तर नकोच. म्हणून दवाखान्यातून येण्याआधी खुर्चीच्या संडासाची सोय करून ठेवा. भोकाची प्लास्टिकची खुर्चीही चालते. जखमेतून पाणी आले, ताप चढला, पोटरी सुजली किंवा पाय एकाएकी आखूड झाला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पैशासाठी थांबू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. कोणती शस्त्रक्रिया, कोणत्या दवाखान्यात, कोणते कागद लागतील, हे त्याला दाखल होतानाच विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत असू द्या.

तर मंडळी, या आठवड्यात एवढे करा. बाजेपासून मोरीपर्यंतच्या वाटेवर रात्री दिवा लावा. मोरीत भिंतीला धरायला एक पाइप ठोकून घ्या, शेवाळ घासून काढा. आजी-आजोबांच्या सैल चपला बदला. आणि घरात कुणी महिना-महिना लंगडत असेल, तर येत्या बाजाराच्या दिवशी त्याला गाडीवर बसवून तालुक्याला न्या, खुब्याचा फोटो काढून आणा.